अडतीस पानांचा रिपोर्ट आणि चमचाभर शेंगाचटणी

पत्र

डॉक्टर, नमस्कार.

मी सोलापुरात अशोक चौकाच्या मागे राहते. वय ४७. घरीच शाळांचे युनिफॉर्म शिवते. फेब्रुवारीपासून पोटाने जीव नकोसा केलाय. सकाळी उठल्यापासून दहा वाजेपर्यंत चार-पाच वेळा जावं लागतं, पातळ होतं, पोट डब्ब राहतं. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना पोटातली गुरगुर त्यालाही ऐकू जाते. पुण्याच्या भाचीने ऑनलाइन ‘फंक्शनल गट हेल्थ’ (म्हणजे आतड्याच्या आरोग्याची) टेस्ट मागवून दिली. अठरा हजार गेले. एप्रिलमध्ये शौचाचा नमुना आणि बोट टोचून रक्ताचे थेंब कुरियरने पाठवले. ३८ पानांचा रिपोर्ट आला. त्यात डिस्बायोसिस स्कोअर (आतड्यातल्या जंतूंच्या बिघाडाचा आकडा) लाल, फर्मिक्यूट्स-बॅक्टेरॉइडेट्सचं गुणोत्तर बिघडलेलं, ई. कोलाय वाढलेले, अ‍ॅकरमन्सिया कमी, प्रीव्होटेला ‘फारच जास्त’, झोन्युलिन जास्त म्हणजे आतड्याला गळती, कॅलप्रोटेक्टिन ६८, इलास्टेज ४३०. शिवाय गहू, दूध, दही, शेंगदाणे आणि तूरडाळ मला ‘सहन होत नाहीत’ असं रक्तात निघालं. तीन महिने सगळं बंद आहे. ज्वारी पण कमी करून किन्वा हे परदेशी धान्य खायला सांगितलंय. वजन चार किलो उतरलं, जुलाब मात्र अजून आहेत. दरमहा ४२०० रुपयांची, अकरा जातींच्या ‘चांगल्या’ जंतूंची पावडर चालू आहे. माझं आतडं खरंच फाटलंय का? पुढच्या तीन महिन्यांचं पॅक घेऊ का? मुलगी सतरा वर्षांची आहे, तिचीही टेस्ट सवलतीत करून देतो म्हणतात.

ता. क. शुगर गेल्या दिवाळीत निघाली. मेटफॉर्मिनची गोळी फेब्रुवारीत ५०० वरून १००० केली, दोन वेळा. गुडघ्यांसाठी अधूनमधून पेनकिलर घेते. बाकी काही औषध नाही.

— एक वाचक, सोलापूर

उत्तर

ताई, नमस्कार.

पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही ता. क. मध्ये टाकलीत. पोट फेब्रुवारीत बिघडलं आणि गोळीचा डोसही फेब्रुवारीतच दुप्पट झाला. अठरा हजारांच्या रिपोर्टने तुमच्या जंतूंची शेकड्याने नावं छापली, पण तुम्ही कोणती औषधं घेता हे कुठे विचारलेलं दिसत नाही.

मेटफॉर्मिन हे चांगलं औषध आहे, हे आधी सांगते. नाहीतर तुम्ही उद्या सकाळी गोळ्यांची पट्टी कचऱ्यात टाकाल. पण ती घेणाऱ्या दर चार-पाच जणांत एकाला पोटाचा त्रास होतो: पातळ शौच, गॅस, मळमळ. बहुतेक वेळा तो गोळी सुरू करताना किंवा डोस वाढवताना होतो. जेवणाच्या मध्ये किंवा लगेच नंतर गोळी घेतली, डोस हळूहळू चढवला, किंवा सावकाश विरघळणारी गोळी घेतली, तर बऱ्याच जणांचं पोट शांत होतं. त्या गोळीवर नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर असं लिहिलेलं असतं. घरी पट्टी असेल तर आत्ताच उलटून बघा. ही अक्षरं नसतील तर तुमच्या शुगरच्या डॉक्टरांना एवढंच विचारा: ‘डोस वाढवल्यापासून हे असं होतंय, गोळी बदलता येईल का?’ स्वतःहून बंद करू नका. शुगर चढली की दुसरंच दुखणं मागे लागेल.

आता गंमत पाहा. रिपोर्टमध्ये ई. कोलाय वाढलेले लाल रंगात दाखवलेत आणि त्यावर ‘हानिकारक जंतूंचा शिरकाव’ असा मथळा आहे. २०१५ साली ‘नेचर’मध्ये एक अभ्यास आला होता. डेन्मार्क, स्वीडन आणि चीनमधल्या ७८४ नमुन्यांतल्या जंतूंची जनुकं त्यात तपासली होती. मधुमेहींच्या आतड्यातले जे बदल तोवर मधुमेहामुळे झाले असं समजलं जात होतं, त्यातले बरेच खरं तर मेटफॉर्मिनचे ठसे निघाले, आणि त्यात ई. कोलायच्या गणातले जंतू वाढणं हा ठळक ठसा होता. म्हणजे तुमच्या रिपोर्टने बहुधा तुमची गोळीच ओळखली, नाव मात्र रोगाचं दिलं.

दुसरी एक शक्यता आहे. तुम्ही नमुना एप्रिलमध्ये पाठवलात. एप्रिलमधलं सोलापूर मी तुम्हाला काय सांगणार! चाळीसच्या वर पारा, त्यात कुरियरची बंद गाडी. नमुन्याच्या नळीत जंतूंची वाढ थांबवणारं द्रावण असेल आणि तुम्ही ती नीट हलवली असेल तर ठीक. नसेल, तर ई. कोलायसारखे झपाट्याने वाढणारे जंतू वाटेतच फोफावतात, आणि लॅबमध्ये पोचतो तो तुमच्या आतड्याचा नमुना उरत नाही, प्रवासाचा होतो.

या टेस्टमध्ये नेमकं काय करतात? बहुतेक स्वस्त टेस्टमध्ये ‘सोळा-एस’ नावाचं एकच जनुक वाचतात. ते प्रत्येक बॅक्टेरियात असतं, सुमारे १५०० अक्षरांचं, आणि त्याच्या थोड्या थोड्या फरकावरून जंतूचं घराणं ओळखतात. घराणं कळतं, व्यक्ती बहुधा कळत नाही. महागड्या टेस्टमध्ये सगळीच जनुकं वाचतात, तिथे माहिती जास्त मिळते. पण दोन्हींत आकडे टक्क्यांत असतात. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर एका कोपऱ्यातून, एका संध्याकाळी एक फोटो काढा आणि त्यात भज्यांचे गाडे किती टक्के, पाळणे किती टक्के ते मोजा. त्यावरून यात्रेत एकूण किती गाडे होते ते कळत नाही, कोणाचा धंदा कसा झाला तेही नाही. आणि एक पाळणा बंद पडून निघून गेला तर भज्यांचे टक्के आपोआप वाढतात, भजी विकली गेली नसली तरी. टेस्टला नाव ‘फंक्शनल’ दिलंय, आणि काम कळत नाही तेच त्यात. फक्त हजेरी कळते.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खटकते. ‘सोळा-एस’ची टेस्ट फक्त बॅक्टेरिया बघते. जिआर्डिया (जुलाब करणारा एक परजीवी), आमांशाचा अमीबा, जंत, हे बॅक्टेरिया नव्हेत, त्यामुळे ते तिला दिसतच नाहीत. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. आपण ते पिंपात, टाकीत, हंड्यात साठवतो आणि तोच पेला पुन्हा पुन्हा त्यात बुडवतो. अशा गावात महिनोन्महिने पातळ शौच आणि पोट डब्ब असेल, तर पहिली तपासणी शौचाची साधी सूक्ष्मदर्शकाखालची. पैसे अगदी किरकोळ लागतात, ‘सिव्हिल’मध्ये तर आणखी कमी. जिआर्डिया रोज सापडत नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्यायचे, आणि ताजे द्यायचे. तुमच्या पत्रात हे केल्याचा उल्लेख नाही. ३८ पानांत त्याला अर्ध्या ओळीचीही जागा मिळू नये, याचा मला राग येतो.

तुमच्या रिपोर्टमधले आकडे दोन ढिगांत घालते.

पहिल्या ढिगात दोनच आकडे, आणि ते कामाचे. इलास्टेज ४३० म्हणजे स्वादुपिंड पाचकरस व्यवस्थित देतंय. २०० च्या वर असलं की काळजी नाही. एक शंका संपली. कॅलप्रोटेक्टिन ६८ हा आकडा थांबून बघण्यासारखा. आतड्याला सूज असली की पांढऱ्या पेशी तिथे जमतात, त्यांच्यातलं हे प्रथिन शौचात उतरतं. ५० च्या खाली असेल तर आतड्याचा दाहाचा आजार असण्याची शक्यता फार कमी. अडीचशेच्या वर गेलं तर पोटविकार तज्ज्ञाकडे जावंच लागतं. मधला भाग धूसर, आणि तुमचा ६८ त्याच्या अगदी खालच्या काठाला आहे. त्यात तुम्ही पेनकिलर घेता. या गोळ्या आतड्याच्या अस्तराला बारीक इजा करतात आणि नुसत्या तेवढ्यानेही हा आकडा वर जातो. युनिफॉर्मच्या सीझनमध्ये दिवसभर पायमशीन चालवून गुडघे बोलत असणार, मला समजतं. पण दोन-तीन आठवडे पेनकिलर बंद ठेवा, पॅरासिटामॉल आणि शेकावर भागवा, मग हीच एक तपासणी इथल्याच लॅबमध्ये पुन्हा करा. उतरला तर विषय मिटला. चढला तर डॉक्टरांकडे जायचं.

दुसऱ्या ढिगात बाकी सगळं. त्यातलं प्रत्येक सोडवत बसत नाही, काही उदाहरणं देते.

फर्मिक्यूट्स आणि बॅक्टेरॉइडेट्स या जंतूंच्या दोन मोठ्या घराण्यांचं गुणोत्तर. हे प्रकरण २००५-०६ साली अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या प्रयोगशाळेतून आलं. आधी उंदरांवर, मग १२ लठ्ठ माणसांवर केलेल्या अभ्यासात वजनाशी त्याचा संबंध दिसला. मोठ्या संख्येवर तपासल्यावर तो टिकला नाही. तरी प्रत्येक कंपनीच्या रिपोर्टमध्ये तराजूचं चित्र असतंच! २०२४ च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने ‘लॅन्सेट’च्या पोटविकारविषयक नियतकालिकात स्पष्ट लिहिलं, की रोजच्या उपचारासाठी या टेस्ट वापरायला पुरेसा पुरावा नाही, आणि हे गुणोत्तर तर रिपोर्टमध्ये छापूच नये. हिमोग्लोबिन किती हवं यावर जगाचं बरंचसं एकमत आहे. ‘निरोगी आतड्यात’ कोणता जंतू किती टक्के हवा, यावर नाही. मग ती लाल-हिरवी पट्टी कशावरून रंगवली? बऱ्याचदा कंपनीकडे आधी आलेल्या गिऱ्हाइकांवरून.

म्हणूनच तुमचं प्रीव्होटेला लाल झालं. भाकरी, डाळ, भाजीवर वाढलेल्या आपल्याकडच्या माणसांच्या आतड्यात प्रीव्होटेला भरपूर असतं. मध्य भारतातल्या शाकाहारी लोकांच्या अभ्यासात तेच ठळक दिसलंय. मांस आणि चरबी जास्त खाणाऱ्या पाश्चात्त्य माणसाचा साचा लावला, तर सोलापूरकर त्यात ‘असंतुलित’ दिसणारच.

झोन्युलिनची तर कथाच वेगळी. २०१८ साली जर्मन संशोधकांनी बाजारातलं प्रचलित किट तपासलं, तेव्हा ते झोन्युलिन मोजतच नव्हतं, भलतंच प्रथिन पकडत होतं. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: आतडं फाटलेलं नाही. आतडं फाटलेला माणूस पत्र लिहीत नाही, त्याला स्ट्रेचरवरून ऑपरेशनला नेतात.

आता ती ‘सहन न होणाऱ्या’ पदार्थांची यादी. रक्तात आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजून ती काढतात. एखादा पदार्थ आपण नेहमी खातो, शरीराची त्याच्याशी ओळख आहे, एवढंच त्या आयजीजीवरून कळतं. युरोपातल्या अ‍ॅलर्जी तज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच सांगितलं होतं की अन्न सोसत नाही हे ठरवायला ही टेस्ट वापरू नका. तुमची यादी पुन्हा वाचा: गहू, दूध, दही, शेंगदाणे, तूरडाळ. तुमचंच रोजचं ताट रक्तातून तुम्हाला वाचून दाखवलं आणि ‘हे बंद करा’ म्हणून सांगितलं. सोलापूरच्या बाईला शेंगदाणे बंद! शेजारणीच्या उखळात शेंगाचटणी कुटली जात असताना आणि तो लसणाचा वास भिंतीवरून येत असताना तुम्ही किन्वा गिळत होता, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

आणि किन्वा कशाला हवा होता? ज्वारीत शंभर ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम तंतू असतात. शेंगदाण्यातही तेवढेच, तूरडाळीत ९ च्या आसपास. आतड्यातले जंतू हेच तंतू खाऊन ब्युटिरेट तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या पेशी त्या ब्युटिरेटवर जगतात. म्हणजे जंतूंच्या भल्यासाठी त्यांचंच जेवण काढून घेतलं आणि वर डब्यातले अकरा जातींचे परके जंतू ४२०० रुपयांना पाठवले. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, किन्व्याची मिजास आपण का सोसायची? अ‍ॅकरमन्सिया वाढवायला त्यांनी क्रॅनबेरीही सुचवली असेल, बहुतेक सुचवतात. छोट्या अभ्यासांत डाळिंबाने हा जंतू वाढलेला दिसलाय. तेवढ्याने उड्या मारायला नकोत, पण सांगोल्याचं डाळिंब मंडईत मिळतं. शुगर आहे म्हणून अर्धी वाटी दाणे, रस नको.

चार किलो वजन मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. पाच पदार्थ ताटातून गेले की वजन उतरतं, मेटफॉर्मिननेही थोडं उतरतं. तरीही पंचेचाळिशीनंतर शौचाची सवय बदलली आणि वजन घटलं, तर डॉक्टरांनी तुम्हाला समोर बसवून, पोटावर हात ठेवून तपासलंच पाहिजे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ (मेटफॉर्मिनने हे कमी होऊ शकतं) आणि एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) करा. शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, हिमोग्लोबिन घसरलेलं, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, यातलं एक जरी असेल तर माझ्या उत्तराची वाट न पाहता जायचं होतं. अजूनही जा. दुर्बिणीने तपासायचं की नाही ते तिथे ठरेल.

गव्हाबद्दल एक सावधगिरी. गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला खरोखर इजा होणारा सिलियाक नावाचा आजार असतो. त्याची टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी चांगली आहे, पण गहू खात असतानाच ती खरी निघते. माझ्याकडे एसटीतले एक चालक आले होते. कुणीतरी सांगितलं म्हणून वर्षभर पोळी सोडलेली, तपासणी नॉर्मल, आणि आजार आहे की नाही हे कळायला पुन्हा दीड महिना पोळ्या खाऊन बसावं लागलं. बिचाऱ्यांचे तेव्हा ड्यूटीवर जे हाल झाले ते लिहिण्यासारखे नाहीत. तुमचेही तीन महिने गव्हाविना गेलेत. डॉक्टरांनी ही तपासणी सुचवली, तर आधी निदान सहा आठवडे रोज एक-दोन पोळ्या पोटात जायला हव्यात हे त्यांना आठवण करून द्या.

आतड्यातल्या जंतूंचं शास्त्र खोटं आहे असा माझा दावा नाही. अँटिबायोटिकनंतर पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या ‘सी. डिफ’ नावाच्या चिवट संसर्गात निरोगी माणसाची विष्ठा रुग्णाच्या आतड्यात सोडतात, आणि अँटिबायोटिकपेक्षा तो उपाय सरस ठरतो. २०१३ मधल्या डच चाचणीने ते दाखवलं. किळस आली तरी खरं आहे. शास्त्र जोरात पुढे चाललंय, दुकान त्याच्याही पुढे धावतंय. तुमच्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर ‘शरीरातल्या पेशींपेक्षा दहापट जंतू’ असं असेल तर तेही जुनं. २०१६ च्या हिशेबाने जंतू साधारण ३८ लाख कोटी, पेशी ३० लाख कोटी, आणि सगळ्या जंतूंचं वजन जेमतेम पावशेर.

मुलीची टेस्ट? तिला त्रास काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे बहुधा काहीच नाही. मग नको. सवलतीत असली तरी नको.

पावडरीचं पुढचं पॅक घेऊ नका. रिपोर्ट देणारा आणि औषध विकणारा एकच असेल तर रिपोर्ट हिरवा यायला फार वेळ लागतो, हे कापडाच्या धंद्यातल्या बाईला मी वेगळं सांगायला नको. भाचीवर रागावू नका, तिने मायेनेच केलं.

पदार्थ परत आणताना घाई नको. गोळीचं डॉक्टरांशी बोलणं होऊ द्या, नवी गोळी लागू पडायला दोन आठवडे द्या, शौचाचे तीन नमुने देऊन टाका. तोवर ज्वारीची भाकरी आजपासून पूर्ववत, ती कुणी बंद करायला नकोच होती. मग एका वेळी एकच पदार्थ, मध्ये तीन दिवस, आणि काय झालं ते मापांच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायचं. दूध सगळ्यात शेवटी घ्या. आपल्याकडे मोठेपणी बऱ्याच जणांना दुधातली साखर पचत नाही, दही-ताक मात्र चालतं. सुरुवात शेंगाचटणीने करा. सोमवारी दुपारच्या भाकरीबरोबर एक चमचा, वर थोडं तेल. गुरुवारपर्यंत पोट गप्प राहिलं तर दोन चमचे.